सिरीजच्या शेवटावरून बहिणीशी अबोला

“मॅडम, तुम्ही हसणार नसाल तर सांगते,” मेघना खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाली. वय ३१, हिंजवडीत नोकरी, दुपारची शिफ्ट, रात्री साडेअकरा-बाराला कंपनीची कॅब कोथरूडला सोडते. मोठी बहीण नाशिकला. दोघींचं सात आठवडे बोलणं बंद होतं आणि त्याला कारण एका वेबसिरीजचा शेवट. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला दोघींची परवानगी आहे.)

“एवढ्याशा गोष्टीवरून मी सख्ख्या बहिणीशी बोलत नाहीये. माझंच काही बिघडलंय का?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न हल्ली मला बऱ्याचदा ऐकू येतो. कधी कॉलेजची मुलं विचारतात, कधी नवराबायको. कुणीतरी स्टेटसला शेवट टाकतं, दुसरा दुखावतो आणि मग आपण दुखावलो याचीच त्याला लाज वाटायला लागते.

मेघनाचे वडील २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत गेले. त्या दिवसांत बहिणींना एकमेकींच्या गळ्यात पडून रडताही आलं नाही. बाबांना रहस्यकथांचं वेड. पुस्तक अर्ध्यावर आलं की ते खुनी कोण ते सांगून मोकळे व्हायचे आणि बहुतेकदा चुकायचे. ते गेल्यावर दोघींनी एक गुन्हेगारी सिरीज बघायला घेतली. दर रविवारी रात्री फोन स्पीकरवर ठेवून, “तीन, दोन, एक, लाव” म्हणत दोन गावांत एकाच क्षणी भाग सुरू करायच्या. असे दोन सीझन झाले. तिसऱ्याच्या वेळी मेघनाच्या प्रोजेक्टची डेडलाइन आली आणि सलग दोन रविवार हुकले.

मग एका रात्री कॅब चांदणी चौकात असताना मांडीवरचा फोन उजळला. तेवीस जणांचा घरचा ग्रुप. मेसेज उघडायचीही गरज पडली नाही, पहिली ओळ स्क्रीनवरच होती: ‘शेवटी साहेबांनाच मारलं गं त्यांनी, रडून डोळे सुजले.’

मेघनाने लिहिलं, “ताई, हे काय केलंस?” उत्तर आलं, “अगं, एवढं काय त्यात, सिरीजच तर आहे!” त्यावर एका मावशीने हसरा चेहरा टाकला. मेघना ग्रुपमधून बाहेर पडली. नवऱ्याने समजूत घालायला संशोधनाचा दाखला दिला की शेवट आधी कळला तरी मजा जात नाही.

तसा अभ्यास झालेला आहे. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. ज्यांना शेवट आधी कळला होता, त्यांना त्या सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलटंही दिसलं. पण त्या वाचकांपैकी कुणी बहिणीसोबत, बाबांच्या आठवणीत रविवार राखून ठेवलेला नव्हता. आपल्याकडे कीर्तनात शेवट सगळ्यांना पाठ असतो, तरी मंडळी रंगून ऐकतात, कारण शेवटापर्यंत सगळे एकत्रच पोचतात. मेघनाची ताई एकटी पुढे निघून गेली होती.

मी तिला विचारलं, “सगळ्यात जास्त काय लागलं?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “साहेब मेले ते नाही. ‘एवढं काय त्यात’ हे लागलं.”

चुकून शेवट फुटणं हा अपघात असतो, तो माफ करता येतो. पण त्यावर ‘एवढं काय त्यात’ म्हटलं की समोरच्याचं दुःखच खोटं ठरतं. नाती तिथे तुटताना मी पाहिली आहेत. असं झालं तर मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करावा, ‘चुकलं माझं’ म्हणावं आणि थांबावं. मला कुठे माहीत होतं, सगळेच टाकतात, ही स्पष्टीकरणं त्या वेळी नकोत.

पुढच्या भेटीत मी तिला ताईबरोबरचं जुनं चॅट उघडायला सांगितलं. ग्रुपवरच्या त्या मेसेजच्या आधीच्या नऊ दिवसांत ताईचे तीन मेसेज होते. ‘बघितलंस का?’ ‘कधी बघूया?’ ‘मेघू, मी एकटी बघू का गं?’ तिन्हींवर निळ्या टिका. एकाचंही उत्तर नाही. मेघना स्क्रीनकडे बघत राहिली. “कामाच्या गडबडीत वाचले आणि…” एवढंच ती बोलू शकली.

तिसऱ्या भेटीला ताई व्हिडिओ कॉलवर आल्या. घर झोपलेलं, रात्रीचे साडेअकरा, आवडतं पात्र गेलं आणि जवळ बोलायला कुणी नाही, म्हणून हाताला लागला तो ग्रुप उघडला, असं सांगताना त्यांचा आवाज कापत होता. शेवट फोडणारा प्रत्येक जण फुशारकी मारत असतो असं नाही. पुष्कळदा मन भरून आलेलं असतं आणि ते रितं करायचं असतं. तरीही जागा चुकली, हे मी ताईंना स्पष्टच सांगितलं. तेच त्यांनी आधीच बघून झालेल्या एखाद्या मैत्रिणीला लिहिलं असतं, तर मन हलकं झालं असतं आणि कुणाचं काही गेलंही नसतं.

त्या दिवशी आमचा बराच वेळ अगदी साध्या व्यवहाराच्या गोष्टींवर गेला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ग्रुपवर लिहायचंच असेल तर पहिल्या ओळीत फक्त सिरीजचं नाव आणि भाग, कारण नोटिफिकेशनमध्ये तीच ओळ दिसते. ‘श्रद्धांजली’ लिहून पात्राचा फोटो स्टेटसला लावणं हाही शेवट फोडणंच आहे. स्टेटस कुणाला दिसावं हे ठरवता येतं, ते ठरवावं. टेलिग्रामवर तर मजकूर झाकून पाठवायची सोय आहे, वाचणाऱ्याने बोट लावलं तरच तो उघडतो. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तींचं ‘द माऊसट्रॅप’ हे रहस्यनाटक १९५२ साली रंगभूमीवर आलं. तिथे प्रयोग संपला की प्रेक्षकांना खुनी कोण ते बाहेर सांगू नका अशी विनंती करतात आणि लोक ती आपुलकीने पाळतात.

मेघनालाही मी एक गोष्ट सांगितली. आपलं जेवण राहिलं म्हणून अख्खी पंगत ताटकळत ठेवता येत नाही. आठवडे उलटले तर लोक बोलणारच. तोवर स्टेटस म्यूट करणं किंवा ‘मी अमुक रविवारी बघणार आहे’ असं आधी कळवणं आपल्या हातात असतं. किती दिवस गप्प राहायचं याचा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. या दोघींनी आपल्यापुरतं ठरवलं की ग्रुपवर पंधरा दिवस काही लिहायचं नाही आणि एकमेकींशी बोलताना आधी ‘कुठवर आलीस?’ विचारायचं. मेघनाच्या वाट्याला आणखी एक काम आलं: ताईच्या मेसेजला, निदान ‘आज नाही जमत’ एवढं तरी उत्तर द्यायचं.

तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग त्यांनी अखेर एकत्र बघितला. ताईंनी दुसऱ्यांदा. साहेब गेले तेव्हा दोघी रडल्या, बाबांसाठीही रडल्या.

परवा मेघना सहज भेटायला आली होती. बोलता बोलता फोन वाजला, तिने तो माझ्यापुढे धरला. नवी सिरीज सुरू झाली होती. ताईंनी विचारलं होतं, ‘कुठवर आलीस?’ मेघनाने टाइप केलं, ‘पहिलाच भाग झालाय. माझा संशय डॉक्टरवर. बरोबर की चूक, सांगू नकोस हं.’