सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मंडळी प्रार्थनेला येते, पण हाताशी कोणी नाही. मदत मागावी का?

ताई, मागा. येत्या रविवारच्या आतच मागा.

तुम्ही लिहिलंय की अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सासूबाईंची उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. मिस्टरांच्या शिफ्ट असतात. ननंद फोनवर रोज विचारपूस करते, पण कामाला बाई ठेवायची म्हटलं की "आईला परक्याच्या हाती देणार का?" म्हणते. तुमच्या मेथडिस्ट चर्चची माणसं दर आठवड्याला येतात, प्रार्थना करतात, चहा घेऊन जातात. तुम्ही स्वतः कित्येक महिने उपासनेला गेलेल्या नाहीत आणि आता त्याचीच चर्चा होते. तोंड उघडलं तर "सून सेवेला कंटाळली" असं म्हणतील, ही तुमची भीती.

मी पुण्यातल्या एका मराठी मेथडिस्ट मंडळीत वाढले, लग्न होऊन दुसऱ्या तशाच मंडळीत आले, आणि सासऱ्यांचं आजारपण आम्ही घरीच काढलं. त्यांनाही अर्धांगवायूच होता. म्हणून तुमच्या घरातला दिवस कसा जातो हे मला वेगळं सांगायला नको. मंडळीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही मदत मागणं म्हणजे हात पसरणं समजताय आणि ते तसं नाही.

आपल्याकडे आजाऱ्याच्या घरी जाणं ही मेथडिस्टपणाची सुरुवातच आहे. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. फेडायचं कसं यावर चर्चा चालली असताना एक जण म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांना तेही जमणार नाही. तेव्हा पहिला म्हणाला, सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या; मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. पैसे गोळा करायला दारोदार गेल्यावर या लोकांना घराघरांतलं खरं चित्र दिसलं: कोण आजारी आहे, कोण उपाशी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे. साधारण बारा माणसांचा एक वर्ग आणि त्यातल्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा भेटणारा एक पुढारी, ही रीत त्यातून रुजली. 1871 च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले, तेव्हा आपल्या भागातलं मेथडिस्ट कामही असंच लोकांच्या घरांत जमणाऱ्या छोट्या गटांतून उभं राहिलं. घर आधी, चर्चची इमारत नंतर.

आजाऱ्यांसाठी तर वेस्लींनी लंडनमध्ये वेगळी व्यवस्थाच लावली होती. शहराचे तेवीस भाग पाडले, सेहेचाळीस माणसं निवडली, प्रत्येक भागाला दोन. आपल्या भागातल्या प्रत्येक आजाऱ्याला आठवड्यातून तीन वेळा भेटायचं. त्यांना घालून दिलेल्या नियमांत एक असा होता की आजाऱ्याचं जे काही कराल ते स्वच्छतेने करा आणि किळस करू नका. हा नियम ज्यांना सांगावा लागला ती माणसं खाटेपासून चार हात लांब उभी राहून डोळे मिटणारी नव्हती, हे उघड आहे. पुढे 1786 साली, ब्याऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी आजाऱ्यांच्या भेटीवरच एक प्रवचन लिहिलं. त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी विचारा की खायला पुरेसं आहे का, कपडे आहेत का, थंडी असेल तर जळण आहे का, जवळ करणारं माणूस आहे का, औषधाचा सल्ला नीट मिळतोय का. आत्म्याचं त्यानंतर. मदत पाठवून देणं आणि स्वतः जाणं यांतही त्यांनी फरक केला, स्वतः जा म्हणून सांगितलं.

तेव्हा ताई, तुमच्या बैठकीच्या खोलीत चहा घेऊन जाणाऱ्यांना "जरा आत येता का, त्यांना वर सरकवायचंय" असं म्हणणं म्हणजे त्यांना त्यांच्याच परंपरेतलं काम देणं आहे. बहुतेक जण वाईट नसतात. त्यांना काय करावं कळत नाही, म्हणून जे येतं ते करतात, म्हणजे प्रार्थना.

आता मागायचं कोणाकडे? पाळकसाहेबांना सांगा, पण फक्त त्यांना सांगून थांबू नका. मेथडिस्ट चर्चमध्ये पाळकाची बदली होते. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या वार्षिक सभेत, नेमणुका वाचल्या जातात आणि तुमचं घर, जिना, आजार, सगळं माहीत झालेला माणूस दुसऱ्या गावी जातो. टिकणारी माणसं म्हणजे महिला मंडळातल्या बायका, ले लीडर (पाळक नसलेला, सभासदांतलाच पुढारी), तरुण संघातली मुलं. त्यांत पद बघू नका, अंतर बघा. तुमच्यापासून दहा मिनिटांच्या आत राहणारी एक बाई शोधा आणि पहिल्यांदा तिलाच भेटा. आमच्याकडे सगळं सावरलं ते अशाच एका शेजारच्या गल्लीतल्या मावशींनी. त्यांच्याकडे कसलंही पद नव्हतं. आधी त्यांनी आपल्या आईचं केलं होतं, म्हणून त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"काही लागलं तर सांगा" असं सगळेच म्हणतात. त्यावर "हो, सांगते" म्हणू नका, तिथल्या तिथे काम आणि वेळ सांगा. "गुरुवारी अकरा ते एक येऊन आईंजवळ बसाल का? मला बँकेत जायचंय." एवढं नेमकं असलं की माणूस हो तरी म्हणतो, नाही तरी म्हणतो, आणि नाही म्हटलं तरी कोणाचं मन दुखत नाही. पुरुषांना वेगळी कामं द्या. खुर्चीत बसवून आजाऱ्याला जिन्यावरून खाली उतरवायला चार धड माणसं लागतात. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि घरातला एक मुलगा यांच्याने ते होत नाही. हॉस्पिटलच्या रांगेत नंबर लावणं, औषधं आणणं, इन्व्हर्टरची बॅटरी बघणं हेही पुरुष आनंदाने करतात, कोणी सांगितलं तर.

एक गोष्ट येणाऱ्या प्रत्येकीला शिकवून ठेवा. नेहमीच्या चादरीवर, पाठीपासून मांड्यांपर्यंत येईल अशी दुसरी एक चादर दुहेरी घडी करून आडवी घाला. सासूबाई खाली घसरल्या की दोन्ही बाजूंनी दोघींनी ती चादर शरीराच्या अगदी जवळ गुंडाळून धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि दोघींनी मिळून वर सरकवायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही; अशक्त बाजूचा खांदा त्याने दुखावतो, आणि कातडी गादीवर घासली की जखमेची सुरुवात होते. दोन तासांनी कूस बदलायची असते हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. एकटीने हे दिवसरात्र केलंत तर तुमची कंबर आधी जाईल. प्रार्थनेला चार बायका आल्या असतील तर "आमेन" झाल्याबरोबर त्यांतल्या एकीला दुसऱ्या बाजूला उभं करा. वर्षभर आमच्याकडे हेच चाललं आणि कोणी कधी नाक मुरडलं नाही.

काही कामं मात्र बाहेरच्यांकडे देऊ नका. भरवणं हे त्यांतलं पहिलं. अर्धांगवायूत गिळायला त्रास होतो, पाणी किंवा पातळ पेज चुकून श्वासनलिकेत जाते. आलेल्या बाईने प्रेमाने चमचाभर सरबत पाजलं आणि ठसका लागला, असं होऊ देऊ नका. डॉक्टरांनी किंवा थेरपिस्टने दाखवलेल्या पद्धतीने भरवायला जी शिकली असेल तिनेच भरवायचं, तेही सरळ बसवून. गोळ्याही तुमच्याच हातात ठेवा. आणि अंग पुसणं, कपडे बदलणं यासाठी कोण चालेल हे सासूबाईंनाच विचारा. बोलता येत नसलं तरी डोळ्यांनी, डाव्या हाताने त्या सांगतील. आयुष्यभर संडे स्कूल शिकवलेल्या बाईला आपल्याच विद्यार्थिनीने आपला डायपर बदललेला नको वाटू शकतो. तो त्यांचा मान आहे, तो राखायचा.

याच कारणासाठी चर्चमध्ये प्रार्थनेची विनंती देताना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. नाव आणि "आजारी आहेत" एवढं पुरे. जखम कुठे झालीय, लघवीची नळी घातलीय का, हे व्यासपीठावरून जाहीर व्हायची गरज नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे अंथरुणातले फोटो टाकू देऊ नका. पाळकांना हे सरळ सांगा, ते ऐकतात.

गाणाऱ्यांना मात्र अवश्य बोलवा. आमच्या सासऱ्यांचे शब्द गेले होते. पाणी हवं असलं तरी "हो हो" एवढंच यायचं, आणि त्याचा त्यांना फार राग यायचा. आमच्या चर्चच्या गायकवर्गातले एक म्हातारे गृहस्थ बुधवारी संध्याकाळी पेटी घेऊन यायचे. त्यांनी सासऱ्यांच्या लहानपणचं एक भजन धरलं, आणि दुसऱ्या कडव्याला सासरे शब्दांसकट गायला लागले. एक ओळ पूर्ण, मग दुसरी. माझा नवरा दारातच खाली बसला. स्पीच थेरपिस्टला सांगितलं तर ती म्हणाली, असं पुष्कळ रुग्णांत दिसतं. बोलणं गेलेलं असतं पण पाठ असलेलं गाणं शाबूत राहतं. त्याने बोलणं परत येतंच असं नाही, आमच्याकडेही आलं नाही. पण आठवड्यातला तो अर्धा तास ते पुन्हा मंडळीतले होते. सासूबाईंना कोणती गीतं पाठ आहेत ते जुन्या मैत्रिणींना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल.

प्रभुभोजनही घरी मागून घ्या. पाळक भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी येतात. रस इतका कमी असतो की गिळण्याचा प्रश्न आधी सांगितला तर ते नुसते ओठ ओले करतात. तुम्हीही त्याच वेळी घ्या. तुम्हालाही ते किती दिवसांत मिळालेलं नाही.

येणाऱ्यांत एखादा असतोच, जो म्हणतो की घरात काही पाप असेल, किंवा विश्वास कमी पडतोय, गोळ्या बंद करून पाहा. त्याला घाबरू नका. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. आणि औषधाचं म्हणाल तर वेस्लींनी 1746 मध्ये लंडनला गरिबांसाठी मोफत औषधं द्यायला सुरुवात केली होती. बरेलीचं क्लारा स्वेन हॉस्पिटल हे आपल्याच मिशनचं काम. औषध सोडा सांगणारा माणूस तुमच्या चर्चचं बोलत नाहीये. त्याला पुढच्या वेळी आजाऱ्याच्या खोलीत नेऊ नका, बाहेरच्या खोलीत बसवा.

ननंदेचं. पगारी बाई ठेवणं म्हणजे आईला टाकणं नव्हे. क्रुसावरून येशूने आपली आई एका शिष्याच्या हाती सोपवली, आणि तो तिला आपल्या घरी घेऊन गेला. तो तिचा मुलगा नव्हता. दुसरीकडे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हेही म्हटलंय की मुलानातवंडांनी आधी आपल्या घरच्यांचं करावं, मंडळीवर भार टाकू नये. तो अध्याय सुनेसाठी वेगळा आणि लेकीसाठी वेगळा लिहिलेला नाही. हे तुम्ही एकटीने फोनवर बोलू नका, शब्दाला शब्द वाढेल. मिस्टर, ननंद, तुम्ही आणि घरोब्याचा एखादा वडीलधारा, ले लीडर असला तर उत्तम, असे एकत्र बसा. पुढे दोनच गोष्टी ठेवा: महिन्याचा खर्च, आणि चोवीस तासांत कोण किती तास करतं. ननंदेला जमत असेल तर महिन्यातून दोन शनिवार-रविवार तिने यावं. जमत नसेल तर बाईच्या पगारातला वाटा उचलावा. बाई ठेवलीत की तिला जेवण, सुट्टी आणि वेळेवर पगार द्या. ती हिंदू आहे की मुसलमान, यावरून कोणी कुरकुर करेल, तिकडे लक्ष देऊ नका.

आणि तुमचा रविवार. "चर्चला का येत नाही?" असं विचारणाऱ्या बाईला म्हणा, "या रविवारी तुम्ही आईंजवळ बसता का? मी जाऊन येते." मनात टोमणा ठेवून नको, खरंच विचारा. आमच्याकडे तिघी बायकांनी आळीपाळीने हे केलं. ज्या दिवशी जिची पाळी, त्या दिवशी तिचं चर्च माझ्या घरात. मी मागच्या बाकावर बसायचे, पुष्कळदा प्रवचनात झोप लागायची. कोणी उठवत नसे.

सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल तर हा निरोप तसाच पाठवा, फक्त वार आणि वेळ आपली घाला: "जय ख्रिस्त. आईंची तब्येत स्थिर आहे, तुमच्या प्रार्थनांबद्दल आभार. मला आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते एक कोणीतरी आईंजवळ बसायला हवं आहे. काही करावं लागणार नाही, फक्त जवळ बसायचं आणि काही वाटलं तर मला फोन करायचा. चहापाणी करायला मला जमणार नाही, समजून घ्या. कोणाला जमेल ते मला वेगळा मेसेज करा." ग्रुपवर टाकण्याआधी त्या दहा मिनिटांवरच्या बाईला दाखवा, म्हणजे पहिला होकार तिचा येईल. एकीचा आला की दुसऱ्या पुढे येतात. पहिल्या आठवड्यात ती एकटीच आली तरी तिला घेऊन सुरू करा, आणि ती बसलेली असताना भांडी घासू नका. दोन तास झोपा.