जर्मनीला यायचं म्हणतोस, तर आधी पऱ्हाटीचं बोलू

तू लिहिलंस की दारव्ह्याकडच्या गावातून मेकॅनिकल झालास, घरी सहा एकर कोरडवाहू आहे, जैवइंधनावर जर्मनीत पीएच.डी. करायची आहे आणि त्यासाठी शेतावर कर्ज काढायला वडील तयार आहेत. कर्ज काढू नकोस, बाप्पा.

इथं इंजिनिअरिंगची पीएच.डी. बहुतेक वेळा नोकरीच असते. प्रकल्पात जागा निघते, करार होतो, पगार मिळतो. कुठे पूर्ण, कुठे अर्धा. पण त्याआधी मास्टर्स लागतं, नुसती बी.ई. सहसा चालत नाही. ते नागपूरला व्हीएनआयटीत कर, नाहीतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात. तिथं अपारंपरिक ऊर्जेचा विभागच आहे. मास्टर्सलाच इकडे आलास तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी काढायच्या, दर महिन्याला ठरावीकच पैसे देणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी ठेवावे लागतात, आणि मी राहते त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. शेत गहाण पडतं ते असं. मी तर नागपूरच्या एका एजंटालाही चाळीस हजार दिले होते. त्यानं फॉर्मवर माझा विषयच चुकीचा टाकला.

आता माझ्या इथल्या कामाचं. मी जलद पायरोलिसिस करते. बारीक केलेलं काड हवेशिवाय ५०० अंशांच्या आसपास तापवायचं आणि वाफ एक-दोन सेकंदांत बाहेर ओढून थंड करायची. काळं तेल मिळतं, विझवलेल्या होळीसारख्या वासाचं. तेल म्हणतात म्हणून फसू नकोस. त्यात भरपूर पाणी असतं, आंबट इतकं की साधं लोखंड खातं, डिझेलमध्ये मिसळत नाही, आणि किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहूनही कमी. मग एवढा खटाटोप कशाला? पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांची, ट्रॉली आठव. ढीग डोंगराएवढा आणि काट्यावर वजन चिल्लर. कार्ल्सरूहच्या बायोलिक प्रकल्पामागची कल्पना हीच की काडाची शेताजवळच तेल-कोळशाची दाट रबडी करायची, ती लांबच्या मोठ्या कारखान्यात न्यायची, तिथं तिचा वायू आणि वायूपासून इंधन.

पहिल्या वर्षी ग्रीसहून कापसाची पऱ्हाटी आली. युरोपातला बराचसा कापूस तिथलाच. आमचं यंत्र गव्हाच्या काडाला सरावलेलं. माल आत ढकलणारा स्क्रू दहा मिनिटांत अडकला. उघडला तर त्याच्यावर सालीचे दोरे गुंडाळलेले, रहाटाला दोर गुंडाळावा तसे. सगळे मोटरचे आकडे बघत बसले होते. मी म्हटलं, साल आहे ती. लहानपणी पऱ्हाटी उपटताना तिच्या साली सोलून आम्ही दोर वळायचो. मग पऱ्हाटी दोनदा दळली, चाळली, तेव्हा स्क्रू फिरला. मायबाई, इतक्या वर्षांच्या शिक्षणात एवढा भाव कधी मिळाला नव्हता.

राखेचंही तसंच. वडील पोटॅशची गोणी आणतात ना, तेच पोटॅशियम काडात उतरतं. भट्टीत त्यानं राख लवकर वितळते आणि काचेसारखी चिकटून बसते. आमचे निम्मे दिवस घासण्यात जातात. कागदावर हे ‘स्वच्छ इंधन’, हाताला मात्र काजळी.

म्हणून मुलाखतीत ‘पृथ्वी वाचवायची आहे’ असलं सांगू नकोस, ते सगळेच सांगतात. गुलाबी बोंडअळी उभ्या पऱ्हाटीत राहते, म्हणून वेचणी संपली की पऱ्हाटी काढावी लागते आणि मग ती धुऱ्यावर जाळली जाते, हे सांग. तुमच्याकडे एकरी किती निघते, हे या उन्हाळ्यात स्वतः वजन करून लिहून ठेव. ओली किती, वाळल्यावर किती, दोन्ही. मार्कशीटपेक्षा त्या वहीवर जास्त प्रश्न येतील.

थंडीचं, जेवणाचं होतं नीट. तुरीची डाळ मिळते, महाग पडते. आणि मास्टर्ससाठी इकडेच यायचं ठरलं, तर एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे आपल्या पदव्या-मार्कशीट तपासून मिळणाऱ्या दाखल्याचा, अर्ज सगळ्यात आधी टाक. भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते लागतं, आणि माझ्या ओळखीतल्या एकाचं सेमिस्टर त्याच्यापायीच हुकलं.