'हुर्यो उडवली' म्हणजे कौतुक केलं का?

'वानखेडेवर प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली' ही जुनी बातमी वाचून तुम्ही विचारलंय, की हे 'हुर्रे'सारखं काही आहे का. नाही हो, बरोबर उलटं! पण तुमची गफलत समजू शकतो. आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा.

हुर्यो म्हणजे घोळक्याने, माणसाच्या तोंडावर, आरडाओरडा करून केलेली फजिती. पाठीमागे चालते ती कुचाळकी. खिल्ली किंवा टर एकटा माणूसही उडवतो, अगदी लेख लिहूनही. हुर्योला मात्र निदान एक बाक भरून पोरं लागतात, आणि ज्याची उडवायची तो समोर लागतो.

मला हा शब्द कोशातून कळला नाही. अकरावीला गॅदरिंगमध्ये गाणं म्हणायला उभा राहिलो. पट्टी वरची धरली होती, अंतऱ्याला आवाज चिरकला. आधी सगळं चिडीचूप. मग मागच्या रांगेतून एकच लांबलचक 'हुर्र्र्यो', आणि धडाधड बाकं वाजायला लागली. एक कागदी विमान पेटीवर येऊन पडलं. तबलजी मान खाली घालून हसत होता, ते जास्त लागलं. याला नुसती 'टिंगल' म्हटलं तर काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

वाक्यात 'अमक्याची हुर्यो उडवली' किंवा 'हुर्यो झाली' असं येतं. मी तरी स्त्रीलिंगीच वापरतो. 'नावाने शिमगा करणे' याच्याशी घोळ करू नका. शिमगा करणारा माणूस काहीतरी गाऱ्हाणं घेऊन ओरडत असतो. हुर्योला चिरकलेला आवाजही पुरतो.

तुमच्या बातमीत मात्र गाऱ्हाणंही होतं. रोहित शर्माला बाजूला करून मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला कर्णधार केलं होतं. १ एप्रिल २०२४ ला, राजस्थानविरुद्धच्या सामन्यात, नाणेफेकीलाच एवढा गोंगाट झाला की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना 'नीट वागा' म्हणावं लागलं. बातम्यांत इंग्रजी 'बूइंग'साठी हाच शब्द वापरतात आणि तो चपखल बसतो, जरी स्टेडियममधली पोरं आता 'हुर्यो' न म्हणता 'बू'च करत असली तरी. वानखेडेला हे नवीन नाही म्हणा. २००६ साली इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत एका धावेवर बाद होऊन परतणाऱ्या सचिनचीही घरच्याच लोकांनी तिथे हुर्यो उडवली होती.

हार्दिकच्या बाबतीत पुढे गंमत झाली. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून संघ ४ जुलैला त्याच वानखेडेवर आला, तेव्हा तेच स्टेडियम 'हार्दिक, हार्दिक' म्हणून घसा फोडत होतं. तुमच्या मनातलं 'हुर्रे' ते.