फसलेल्या डाएटचे कागद

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी पेशंट माझ्याकडे येतात, ते खरं तर मनाची तयारी तपासायला. पण निम्मा वेळ एकाच काळजीत जातो. विमा कंपनी पास करेल ना? ‘हे तर सुंदर दिसण्यासाठी’ म्हणून फेटाळणार नाही ना?

अशाच एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय ४४, शाळेत शिक्षिका. वजन ८९ किलो. इन्सुलिन चालू असूनही शुगर आटोक्यात नाही. घोरणं असं, की नवरा हॉलमध्ये झोपायला लागलेला. पॉलिसी सहा वर्षं जुनी, घेतानाच मधुमेह जाहीर केलेला. तरी कॅशलेस नाकारल्याचं पत्र आलं, कारण ‘एक्सक्लुजन ०६, लठ्ठपणा’, म्हणजे पॉलिसीत वगळलेल्या खर्चांतलं सहावं कलम.

पत्र माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं. खाऊन खाऊन वजन मीच वाढवलं, आता कुठल्या तोंडाने पैसे मागू?"

त्या कलमाचा मथळा वाचून लोक तिथेच थांबतात. खाली अटी असतात. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९मध्ये हे कलम सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखं केलं. त्यानुसार शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांना धरून हवी, वय किमान १८ हवं आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ४० किंवा जास्त हवा. ३५ किंवा त्यावर असेल, तर जोडीला लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह, यांपैकी एक हवं. शिवाय वजन उतरवायचे साधे उपाय करून फसलेले असले पाहिजेत. या अटी पुऱ्या होत नाहीत तोच खर्च वगळलेला आहे. सौंदर्याचा इथे संबंधच नाही.

मग ताईंचं अडलं कुठे? फॉर्मवर उंची होती ५ फूट ३ इंच, तोंडी सांगितलेली. त्याने बीएमआय येतो ३४.८. चपला काढून भिंतीला टेकून उभं केलं, तर उंची भरली १५६ सेंटिमीटर आणि बीएमआय झाला ३६.६. लग्नाच्या बायोडेटातली उंची आपण जन्मभर सांगत राहतो, त्यातलाच प्रकार!

त्यांच्या भाच्याने मात्र वेगळाच सल्ला दिला होता, वजनच थोडं वाढवून लिहा. मी स्पष्ट नाही म्हटलं. खोटी माहिती सापडली, तर हा क्लेम जातोच, पॉलिसीवरही गदा येते.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. आधी काय उपाय केले, या रकान्यात त्यांनी ‘काही नाही’ लिहिलं होतं. खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं. आहारतज्ज्ञांकडे दोनदा नाव घातलं, जिमची वर्षाची फी भरून तीन महिन्यांत सोडलं, डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतलं, सात किलो उतरले आणि नऊ चढले. "ते काय सांगायचं मॅडम, सगळं फसलंच ना." इथे मी त्यांना थांबवलं. ताई, कंपनीला नेमकं हेच हवंय. फसलेलं सगळं तारीखवार आणा.

पुढच्या खेपेला प्लास्टिकच्या पिशवीत जिमच्या पावत्या, डाएट चार्ट, जुन्या प्रिस्क्रिप्शनवर कोपऱ्यात लिहिलेली वजनं, असं सगळं आलं. एकेक कागद टेबलावर ठेवताना त्यांचा आवाज बदलत गेला. इतकी वर्षं आपण नुसत्या बसून नव्हतो, हे त्यांनी पहिल्यांदाच एकत्र पाहिलं.

सर्जननी मोजलेली उंची, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि उपायांचा इतिहास घालून नवं पत्र दिलं. टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या डेस्कवरून एक क्वेरी आली, उत्तर गेलं, मंजुरी मिळाली. प्रोटीन पावडर आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा खर्च घरचाच, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

सगळ्यांचं असं होत नाही. आपल्याकडच्या लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो, म्हणून २०२२च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शिफारशी आशियाई लोकांसाठी २७.५पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करा म्हणतात. विम्याचा आकडा मात्र ३५वर बसलाय. ३३ बीएमआयच्या पेशंटला डॉक्टर ‘करा’ म्हणतात आणि कंपनी ‘नाही’. माझ्या मते हा अन्याय आहे, पण आज खर्चाची तयारी ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो. अटींत बसूनही नकार आला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल आहेत. मुंबईत आणि पुण्यातही कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही.

ताईंनी सासरी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. विमा कंपनीला सगळं खरं गेलंय ना, मग त्यात मी पडले नाही.