वाचक विचारतात : धरण, विसर्ग आणि नदीतले जीव

प्रश्न : आमच्या खोऱ्यात नव्या धरणाचा प्रस्ताव आहे. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश हाती आलाय, जनसुनावणी तोंडावर आहे. नेमकं काय तपासायचं? (एक वाचक, पाटण)

सारांशावर थांबू नका, त्यात बहुतेकदा 'परिणाम नगण्य' याशिवाय फारसं हाती लागत नाही. मूळ अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात पाहायला मिळतो. सुनावणीची जाहिरात किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. तेवढ्या दिवसांत येव्याचे, म्हणजे नदीत येणाऱ्या पाण्याचे तक्ते आधी काढा.

90 टक्के विश्वासार्हतेचं (शंभरातल्या नव्वद वर्षांत निदान तेवढं पाणी येतंच, असं) वर्ष घ्यायचं, त्यातल्या सलग चार सर्वांत कोरड्या महिन्यांच्या सरासरी येव्याच्या निदान 20 टक्के पाणी त्या काळात नदीला सोडायचं आणि पावसाळ्यात 30 टक्के, हा केंद्राच्या तज्ज्ञ समितीचा रुळलेला निकष. समजा त्या चार महिन्यांत सेकंदाला सरासरी 10 घनमीटर पाणी येतं. मग नदीचा वाटा 2 घनमीटर, म्हणजे साधारण 70 क्युसेक. आमच्या मते ही तळरेषा आहे, पण ठेकेदारी अहवालात तीच कमाल होऊन बसते.

खरी मेख पुढे आहे. हे पाणी सुटणार कुठे? वीजगृह धरणापासून लांब असेल, तर मधलं पात्र कोरडं पडतं आणि कागदावर मात्र हिशेब जुळतो. 'वीज पाणी खात नाही', वीज करून पाणी नदीला परत मिळतं, असं सांगतात, पण कोयनेत तर हे मुळीच खरं नाही. पोफळीच्या वीजगृहाकडे वळवलेलं पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीला मिळतं, कृष्णेत परतत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्याची वार्षिक मर्यादा 67.5 टीएमसी ठरवली. कोयनेच्या पात्राला उरतं ते धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाचं आणि दरवाजांतून सोडलेलं पाणी.

माशांची पाहणी कोणत्या महिन्यांत केली, तेही बघा. खडशी (महसीर मासा) पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढते. फक्त जानेवारीत जाळं टाकलं असेल तर तो तक्ता निरुपयोगी. पाण्यातला ऑक्सिजन किती वाजता मोजला, हेही विचारा. तो पहाटे सर्वांत कमी असतो, दुपारच्या नोंदीत सगळंच छान दिसतं.

प्रश्न : जलाशयात मत्स्यबीज सोडलं की भरपाई होते ना? (एक वाचक, वाई)

मासेमारीची होते, नदीची नाही. रोहू, मृगळ मुळात गंगेकडचे, चिलापी आफ्रिकेची. खडशीच्या अंड्यांना गोट्यांमधून खेळतं, थंड पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात त्यांच्यावर गाळ बसतो आणि ती कुजतात. कोयनेसारख्या 103 मीटर उंचीच्या भिंतीला मत्स्यशिडी (मासे वर चढण्यासाठीची पायऱ्यांची वाट) बांधूनही उपयोग होत नाही. त्यापेक्षा खालची एखादी उपनदी बंधाऱ्याविना मोकळी ठेवा, असं सुनावणीत लेखी मागा.

प्रश्न : उन्हाळ्यात अचानक पाणी चढतं, काठावरच्या मगरींच्या अंड्यांचं काय होतं? (एक वाचक, भिलवडी)

ती गुदमरतात. मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं दोनेक महिन्यांनी बाहेर येतात. अंड्याचं कवच सच्छिद्र असतं. खड्डा बराच वेळ पाण्याखाली राहिला की हवा आत जात नाही. धरणाचा विसर्ग आणि बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या), दोन्हींनी पातळी हलते. त्यामुळे मागणी 'पाणी सोडू नका' अशी करू नका, ती कुणीच ऐकणार नाही. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवा आणि या काळात फुगवट्याची पातळी एका खुणेच्या वर नेऊ नका, एवढं मागा. खूण घरट्यांच्या खाली असावी, आणि ती मार्चमध्ये वनखात्याला सोबत घेऊन काठावर रंगवून घ्या. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, मादी तिथेच असते.