झाड कापायचे पैसे नसतात, खाली आणायचे असतात

राजेहो, झाडं कापायच्या-छाटायच्या माझ्या धंद्याबद्दल नागपुरातून तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांतले या वेळेस सहा घेतले. बाकीचे बहुतेक "नारळ साफ करायचे किती घेता" असेच होते, त्यांचं उत्तर झाड पाहिल्याशिवाय देता येत नाही, म्हणून सोडले.

प्रश्न : चेन सॉ घेतली, सोबत दोन पोरं आहेत. रेट झाडाच्या उंचीवर सांगायचा का बुंध्याच्या जाडीवर? आतापर्यंत दोन कामं केली, दोन्हीत घरून पैसे टाकावे लागले. (एक तरुण, हिंगणा रोड)

भाऊ, दोन्हीवर नाही. तू गेटातून आत गेला का वर पाहत असशील, मी पण सुरुवातीची चार वर्षं वरच पाहायचो. आता मी पहिले खाली पाहतो. फांदी कुठं पडणार, तिथं फरशी आहे का कुंड्या आहेत का कोणाची गाडी आहे, पडलेली फांदी ओढत गेटपर्यंत कुठून न्यायची, गल्लीत छोटा हत्ती टेम्पो शिरतो का नाही, अन् खेपा किती होतील. बेसा-बेलतरोडीकडं मोकळ्या प्लॉटवरचा चाळीस फुटी निलगिरी तीन तासात आडवा होऊन तुकडे पडून मोकळा, अन् धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यात दोन भिंतींच्या मधातलं वीस फुटी झाड अख्खा दिवस खाते, कारण तिथं प्रत्येक फांदी दोराला बांधून उतरवा लागते. उंचीवर रेट सांगितला तर पहिल्या गिऱ्हाइकाला तू लुटलं अन् दुसऱ्याकडं तू लुटल्या गेला.

वजनाचा अंदाज पक्का कर. एक फूट जाड अन् दहा फूट लांब ओली फांदी दीडशे-दोनशे किलो भरते, आपल्याला खालून ती काडीसारखी दिसते.

मला हे कसं समजलं ते सांगतो. त्रिमूर्ती नगरला एक गुलमोहर होता, मे महिना, मी उंची पाहून साडेतीन हजार सांगून मोकळा. फांदी शेजाऱ्याच्या कंपाउंडवरून गेली होती म्हणून दोर बांधला, पण बांधला शेंड्याकडं, अन् कापली बुडातून. बूड आधी खाली गेलं, फांदीनं झोका घेतला अन् सरळ शेजारच्या काकांच्या खिडकीतल्या कूलरवर. जाळी चेपली, खसची टट्टी बाहेर लोंबून राहिली, टपातलं पाणी धो धो अंगणात. ते काका एक शब्द बोलले नाही, नुसते कूलरकडं पाहत उभे. बाहेर ४४ टेम्परेचर, नागपुरात मे मधली एक दुपार कूलरशिवाय काढून पाहा म्हणजे समजेल मला काय वाटलं असंल. संध्याकाळच्या आत नवीन कूलर बसवून दिला, ७,२०० रुपये, वरून छोट्या हत्तीच्या दोनच्या जागी चार खेपा झाल्या त्या वेगळ्या.

तेव्हापासून दोर मधात, वजन जिथं तोललं जाते तिथं बांधतो, बुडाला दुसरा दोर अन् तो धरायला एक माणूस. अन् रेट सांगायच्या आधी मनातल्या मनात खालच्या वस्तू मोजतो. कूलर, सोलरचं पॅनल, तुळशी वृंदावन, पत्र्याचं शेड. जितक्या वस्तू तितका टाइम, टाइम म्हणजे मजुरी. खेपांचं म्हणशील तर फांद्या नुसती हवा असते, गुलमोहर अख्खा टाकला तर टेम्पोचा डाला लगेच भरते, तोच कोयत्यानं बारीक तोडून दाबून भरला तर तीन खेपांचं काम दोनमधे होते. एक माणूस दिवसभर फक्त तेच करायला ठेव, तो कामचोर वाटतो पण पैसे तोच वाचवून राहिला असतो.

मशीनचं थोडक्यात. भुसा लांब-लांब चिरफळ्यांचा निघाला पाहिजे, पिठासारखा निघायला लागला म्हणजे चेन बोथट झाली, तिथंच थांबून गोल कानस मार. एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, नवीन मशीनच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असंल तर पुस्तकाचं ऐक. अन् रस्त्याकडच्या झाडाला आरी लावायच्या आधी बुंध्यावर हात फिरव, ट्यूशन क्लासेसच्या पाट्यांचे खिळे आत गेलेले असतात, एक खिळा लागला का चेन गेली.

प्रश्न : अंगणात तीस वर्षांचा कडुनिंब आहे. वादळाची भीती वाटते म्हणून वरून अर्धा कापून घ्यायचा आहे. एक जण दीड हजारात करून देतो म्हणाला, तुम्ही जास्त सांगता असं ऐकलं. (एक ताई, प्रताप नगर)

ताई, बरोबर ऐकलं. पण मी अर्धा कापूनच देत नाही, त्यामुळं तुलना करू नका.

वरून मुंडकं उडवलं का निंब मरत नाही, तो लई चिवट आहे, उलट त्या थोट्याच्या कडेनं वीस-पंचवीस सरळसोट धुमारे फुटतात. दिसायला छान गच्च दिसते. पण जुनी फांदी खोडाच्या आतून आलेली असते, हे धुमारे नुसते सालीजवळ चिकटलेले असतात, तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात अन् खाली थोट्याला पाणी मुरून सड लागलेली असते. मग जूनच्या पहिल्या वादळात तेच मोडतात. म्हणजे दीड हजारात तुम्ही भीती विकत घेऊन राहिल्या. शिवाय इतक्या वर्षांची सावलीतली साल एकदम आपल्या उन्हात उघडी पडते अन् भाजून फाटते.

त्यापेक्षा वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या अन् घराच्या छतावर आलेल्या फांद्या काढा, एकूण हिरव्यातला पाव हिस्सा गेला तरी पुरे. वारा मधातून निघून जायला जागा झाली का झाड झुलते, मोडत नाही. टाइम म्हणाल तर फेब्रुवारीत पानगळ होते तेव्हा, पाडव्याच्या मोहोराआधी. वाळलेलं मात्र कधीही काढा, त्याला मुहूर्त नाही.

कापणाऱ्याला काम येते का नाही ते ओळखायची जी खूण माझी बायको सगळ्यांना सांगते, तीच तुम्हाला देतो. जाड फांदी तीन वेळा कापावी लागते. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर सोडून, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, जरा बाहेरच्या अंगाला, फांदी तिथं तुटून पडते अन् साल खोडापर्यंत सोलत येत नाही. मग राहिलेलं थोटं काढायचं, पण खोडाला घासून नाही, फांदी निघते तिथं एक फुगीर कडं असते, बांगडी घातल्यासारखं, ते शाबूत ठेवून. झाड त्याच कड्यातून जखम भरते. वरतून ऑइल पेंट फासायची गरज नाही. जो एकाच कापात फांदी पाडते अन् मग पेंटचा डबा काढते त्याला चहा पाजून रवाना करा.

अन् परवानगी. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात "झाड पाडणे" याच्यात कापणं, जाळणं अन् कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळंच येते, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं हेरिटेज धरतात, त्यांचे नियम अजून कडक. तुमचं तीसचं आहे, पण महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज टाका, सोबत फोटो लावा, कोणती फांदी घरावर आली ते फोटोत दिसू द्या. कागद हातात आल्याशिवाय मी शिडी लावत नाही, यावरून माझी कामं गेलीत, जाऊ द्या.

प्रश्न : पोरं बेल्ट घालत नाहीत, म्हणतात आमचे बाप-आजे बिना बेल्टचे चढले. काय करावं? (सोबतीचाच एक धंदेवाला, मानेवाडा)

अरे भाऊ, बाप-आजे कुऱ्हाड घेऊन चढले, हातात गरगर फिरणारी चेन घेऊन नाही. माझ्याकडं सरळ नियम आहे, बेल्ट नाही तर हजेरी नाही. पहिल्या आठवड्यात दोघं सोडून गेले, एक परत आला. कमरेचा पट्टा घेऊ नको, त्यात लटकला तर माणसाचा श्वास कोंडते, मांड्या-खांद्यावरून जाणारा पूर्ण हार्नेस घे. अन् कापताना दोन ठिकाणी बांधलेला पाहिजे, कारण माणूस स्वतःचाच दोर कापते, हसू नको, पाहिलं आहे मी.

जांभूळ, शेवगा अन् गुलमोहर, या तिघांवर तर अजिबात भरोसा नाही. पायाखालची फांदी हिरवीगार दिसते अन् काडकन जाते. आमचा एक पोरगा जांभळावरून असाच सुटला, दोन फूट खाली लटकला, वरतून म्हणते "दादा, पुडी खाली पडली." त्याला खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पुडीची चिंता! त्या दिवसापासून तो स्वतः दुसऱ्यांचे बक्कल तपासते.

विजेच्या तारांची काळजी बेल्टच्याही वरची आहे. ओल्या फांदीतून करंट येते, तारेला फांदी टेकली पाहिजे असंही नाही, ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनच्या नुसतं जवळ गेलं तरी ओढते. महावितरणकडं आधी अर्ज देऊन लाइन बंद करून घ्यायची, अन् लाइनमन स्वतः जागेवर येऊन "बंद आहे" म्हणाला तरच चढायचं. मोहल्ल्यातली लाइट गेली म्हणून पटकन चढणारे लोक आहेत, लाइट कोणत्याही सेकंदाला येते अन् शेजाऱ्याचं जनरेटर उलटं बसवलेलं असलं तर बंद तारेत पण करंट असते. अॅल्युमिनियमची शिडी तारांच्या कामाला घरीच ठेव.

विमा काढ. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये खात्यातून कटतात, अपघातात गेला तर घरच्यांना २ लाख. तेवढ्यावर भागत नाही, भरपाईच्या कायद्यानं (आधी १९२३ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) मजुराची जबाबदारी कामावर लावणाऱ्यावर येते, म्हणजे तुझ्यावर, त्याची वेगळी पॉलिसी विमा कंपन्या देतात. मी ती चार वर्षं उशिरा काढली अन् नशीब म्हणून वाचलो.

प्रश्न : गेटजवळची मेंदीची हेज वरून दाट अन् खालून नुसत्या काड्या झाली. माळी दर महिन्याला कापते तरी. (एक काका, सिव्हिल लाइन्स)

काका, माळी कापते म्हणूनच झाली. तो वरचा भाग रुंद ठेवत असंल, छत्रीसारखा, मग खाली ऊन पोचत नाही. हेज खाली रुंद अन् वर थोडी निमुळती पाहिजे. आता जे खालून उघडं झालं ते नुसत्या वरच्या कटिंगनं भरत नाही, पाऊस चांगला लागला का एक बाजू कडक कापा, पार आतल्या लाकडापर्यंत, अन् दुसरी बाजू पुढच्या वर्षी. दोन्ही बाजू एका वर्षी कापल्या तर दोन महिने रस्त्यावरून तुमचा हॉल दिसंल. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी हलकी छाटणी, अन् नवतपाच्या (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या) आसपास कात्रीला हातच लावू नका, आतली कोवळी पानं एका दिवसात करपतात.

माळ्याला सांगा, मशीन घालायच्या आधी बांबूनं हेज हलवून पाहायची अन् दोन मिनिटं थांबायचं. गांधीलमाशीचं पोळं असलं तर तेवढ्यात समजते. बुलबुलचं घरटं दिसलं तर तेवढा तुकडा पिल्लं उडेपर्यंत सोडून द्या, वाकडं दिसते, दिसू द्या.

प्रश्न : सोसायटीनं काम करून घेतलं, आता सेक्रेटरी बदलला अन् पैसे अडकले. (नाव-गाव नको म्हणाले)

अर्धे आधी, अर्धे शेवटची खेप गेटातून निघायच्या आधी. डाला भरून उभा ठेवायचा अन् पैसे मागायचे, कचरा समोर दिसत असला का सोसायटीचा ठराव लवकर होते. झालेल्यासाठी आता मिटिंगमधे जाऊन बसा, दुसरं काय.

प्रश्न : निघालेलं लाकूड अन् पाला कुठं टाकता? (पहिल्याच हिंगणा रोडवाल्या भावाचा दुसरा प्रश्न)

पाला जाळू नको, मोकळ्या प्लॉटवर पण नाही. हरित लवादानं २०१६ मधे उघड्यावर कचरा जाळायला ५ हजार दंड ठरवला, जास्त माल असला तर २५ हजार. निंबाचा पाला नर्सरीवाले नेतात, घरमालकाच्या अंगणात जागा असली तर तिथंच खड्डा करून टाकतो, एक खेप वाचते.

जाड लाकूड टालवाला (लाकडाच्या वखारीचा) नेते, पण ते कोणाचं हे रेट सांगतानाच बोलून घे, नाही तर पैसे घेताना मालकाला एकदम आठवते का त्याच्या आजोबांनी लावलेलं झाड होतं. सुबाभूळ, निलगिरीचं कोणी फार विचारत नाही. सागवान, आंबा, चिंच, मोह, जांभूळ यांचं वेगळं, हे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतले, यांचा ओंडका गाडीत टाकायच्या आधी वनविभागाकडं वाहतूक पासचं विचार. माझी गाडी एकदा नाक्यावर आंब्याच्या सहा ओंडक्यांपायी संध्याकाळपर्यंत उभी राहिली, डाव्या खिशात महापालिकेचा कागद होता, पण तो झाडाचा होता, लाकडाचा नाही.