वाचकांचे प्रश्न : युवा संघटना आणि अपंगत्व असलेले तरुण

प्रश्न : वसईतील आमच्या धर्मग्रामात (कॅथलिक चर्चच्या पॅरिशमध्ये) मी युवा संघटनेचे काम पाहतो. गावात एक दृष्टिहीन मुलगी, एक कर्णबधिर तरुण आणि व्हीलचेअर वापरणारा एक तरुण आहे. दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आम्ही त्यांचा सत्कार करून भेटवस्तू देतो. मात्र एरवी त्यांच्यापैकी कोणीही सभेला येत नाही. त्यांच्यासाठी वेगळा गट सुरू करावा का?

उत्तर : वेगळ्या गटाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. हा सत्कार नेमका कशासाठी होतो, हे आधी स्वतःला विचारावे. या तिघांनी संघटनेत काही काम केले म्हणून तो होत नाही, कारण काम त्यांच्याकडे कधी आलेलेच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात अपंगत्व असलेल्या अनेकांची गणना समाजातील लपलेल्या निर्वासितांमध्ये केली आहे : ही माणसे आपल्यात राहतात, पण आपण इथले आहोत असे त्यांना वाटत नाही आणि कशात सहभागही मिळत नाही. वर्षातून एकदा शाल पांघरवून हे बदलणार नाही.

तिघांच्याही घरी जा, आणि आईवडिलांशी नव्हे तर त्या तरुणांशी बोला. त्यांच्या अडचणी एकसारख्या नाहीत. आपली सूचना व्हॉट्सअॅपवर रंगीत पोस्टरच्या चित्रातून जात असेल, तर दृष्टिहीन मुलीच्या मोबाइलमधील वाचून दाखवणाऱ्या सुविधेला त्यातील मजकूर बहुधा नीट वाचता येत नाही; तोच मजकूर खाली टंकून पाठवायला दोन मिनिटे पुरतात. रविवारची बायबलमधील वाचने उपासना-दिनदर्शिकेत आधीच ठरलेली असतात. आठवडाभर आधी मजकूर मिळाला, तर तिला ब्रेल येत असल्यास ब्रेलमधून आणि नसल्यास ऐकून पाठ करून मिस्सामध्ये (चर्चमधील मुख्य उपासनेत) पहिले वाचन करता येईल.

व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाचा प्रश्न बहुधा सभेच्या जागेचा असेल. सभा वरच्या मजल्यावर होत असेल तर ती तळमजल्यावर आणावी. यासाठी कोणाच्याही परवानगीची किंवा देणगीची वाट पाहावी लागत नाही. चर्चच्या दाराशी रॅम्प बांधायचा झाल्यास दर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण पाळावे. म्हणजे पायऱ्यांची एकूण उंची दीड फूट असेल, तर रॅम्प अठरा फुटांचा लागेल. अनेक ठिकाणी तो इतका उभा असतो की चौघांनी खुर्ची धरून ढकलावी लागते आणि त्यावर बसलेल्याला संकोच होतो. सहलीचे ठिकाण ठरवताना तिथले शौचालय एकाने आधी जाऊन पाहावे.

कर्णबधिर तरुणाच्या बाबतीत मात्र प्रश्न भाषेचा आहे. तो भारतीय सांकेतिक भाषा वापरत असेल, तर किमान दोघातिघांनी ती शिकायला घ्यावी, आणि शिकवण्याचे काम त्यालाच द्यावे. अशा तरुणांना इतर कर्णबधिरांसोबत सांकेतिक भाषेतील मिस्सा हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. तो वेगळेपणा त्यांनी स्वतः निवडलेला असतो, म्हणून त्याला माझा विरोध नाही. आपल्या सोयीसाठी आपण त्यांना वेगळे बसवणे ही दुसरी गोष्ट झाली. २ मे २०२४ रोजी केरळमधील त्रिशूर येथे जोसेफ थेर्मदम या कर्णबधिर तरुणाला गुरुदीक्षा मिळाली. कर्णबधिर व्यक्ती धर्मगुरू होण्याचा भारतातील तो पहिला प्रसंग होता. तेव्हा आपल्या पथनाट्यात अशा तरुणाला काय काम द्यावे, या प्रश्नावर फार डोके खाजवण्याचे कारण नाही.

पुढच्या कार्यकारिणीत या तिघांपैकी एकाला तरी घ्या, आणि ते कोषाध्यक्ष किंवा चिटणीस अशा खऱ्या जबाबदारीच्या पदावर.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याला प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत म्हणून त्याचे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार) लांबणीवर टाकले आहे, आणि निवासी युवा शिबिरातही ‘जबाबदारी कोण घेणार’ असे सांगून नकार मिळाला. आम्ही काय करावे?

उत्तर : दृढीकरणापूर्वी प्रश्नोत्तरांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असे चर्चच्या कायद्यात कुठेही नाही. या कायद्यातील कॅनन (कलम) ८८९ नुसार योग्य शिक्षणाची अट ज्यांना समज आहे त्यांच्यासाठी आहे, आणि कॅनन ७७७ नुसार शारीरिक वा मानसिक मर्यादा असलेल्यांना त्यांच्या स्थितीला झेपेल असे धर्मशिक्षण मिळते की नाही, हे पाहणे प्रमुख धर्मगुरूंचे कर्तव्य आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली ‘साक्रामेंतुम कारितातिस’ या पत्रात लिहिले आहे की, बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती कुटुंबाच्या व समुदायाच्या श्रद्धेतही ख्रिस्तशरीर (मिस्सातील पवित्र भाकर) स्वीकारते. हे तीन आधार घेऊन आपण धर्मगुरूंना भेटावे.

शिबिराबाबत आयोजकांची भीती अगदीच निराधार नसते, पण माहिती मिळाली की ती बरीच कमी होते. औषधे, आहार, कोणत्या आवाजाने किंवा गर्दीने तो बावरतो, हे एका पानावर लिहून द्या. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून कोलांट्या किंवा धक्काबुक्कीचे खेळ चालतील का, हे डॉक्टरांना विचारून त्यात नोंदवा. त्याच्याच वयाचा एक सोबती मागा. आईने शिबिरात बसून राहिल्यास इतर मुले त्याच्याजवळ फारशी फिरकत नाहीत.

फ्रान्समध्ये एका कुटुंबाला दोन अपंग मुलांसह लूर्दच्या यात्रेत असाच नकार मिळाला होता. त्यातूनच १९७१ च्या ईस्टरला तिथे सुमारे १२,००० जणांची यात्रा निघाली आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची व त्यांच्या कुटुंबांची ‘फेथ अँड लाइट’ ही चळवळ उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी जाँ व्हानिए यांनी अनेक महिलांचे लैंगिक शोषण केल्याचे त्यांनीच बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी स्थापन केलेल्या ‘लार्श’ संस्थेने २०२० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, जाहीर केले. म्हणून माणूस कितीही नावाजलेला असला तरी शिबिरात आपला मुलगा कोणत्याही एका प्रौढाबरोबर एकटा राहणार नाही, रात्री आणि अंघोळीच्या वेळी दोन जबाबदार व्यक्ती जवळपास असतील, हे आयोजकांकडून लेखी घ्यावे. हा नियम शिबिरातील सर्वच मुलांसाठी लागू करण्यास सांगावे, म्हणजे तो एकट्या आपल्या मुलासाठी केलेला वाटणार नाही.